टेकडी तीच, बर्फ तोच

१० जुलै २००९ रोजी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायालयात एक निकाल लागला. दावा लावणाऱ्या पंधरा जणी होत्या. कुणी कॅनडाची, कुणी अमेरिकेची, कुणी नॉर्वे, जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा स्लोव्हेनियाची, आणि सगळ्या स्की जंपर. प्रतिवादी होती व्हँकुव्हरला २०१० चं हिवाळी ऑलिंपिक भरवणारी संयोजन समिती. मागणी एका वाक्यात मावणारी होती: पुरुषांच्या स्की जंपिंगच्या तीन स्पर्धा घेणार आहात, तर बायकांची निदान एक तरी घ्या. न्यायमूर्ती लॉरी अ‍ॅन फेन्लन यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकालात स्पष्ट लिहिलं की या मुलींना वगळणं हा भेदभावच आहे; त्या पुरुष असत्या तर त्यांना खेळता आलं असतं. आणि तरीही त्यांनी दावा फेटाळला. कोणती स्पर्धा घ्यायची हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ठरवते, तिचं कार्यालय स्वित्झर्लंडमध्ये, आणि कॅनडाची राज्यघटना तिथवर पोहोचत नाही. ज्यांच्यावर घटना लागू होते त्या संयोजकांच्या हाती निर्णय नाही, आणि ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांच्यावर घटना लागू होत नाही.

हे पुस्तक मी त्या निकालाभोवती लिहिलं आहे. अन्याय झाला हे न्यायालयाला दिसतं, ते लिहूनही ठेवतं, पण त्याचा जाब विचारायला समोर कुणीच उभं नसतं. एखाद्याने वाईट हेतूने दार लावून घेतलं तर त्याच्याशी भांडता येतं. इथे दार नियमाने लागलं होतं, आणि तो नियम कुणाचाच नव्हता.

महाराष्ट्रातल्या फार थोड्या वाचकांनी स्की जंपिंगची टेकडी प्रत्यक्ष पाहिली असेल, म्हणून आधी खेळाबद्दल. डोंगराच्या उतारावर, बहुतेक ठिकाणी उंच मनोरा बांधून, एक धावपट्टी केलेली असते. तिच्यावर दोन खाचा. खेळाडू वरच्या आडव्या दांड्यावर बसते, हिरवा दिवा लागला की दांडा सोडते आणि गुडघे दुमडून त्या खाचांतून खाली सुटते. हातात काठ्या नाहीत, पायाला ब्रेक नाही. धावपट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत वेग ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास गेलेला असतो. त्या टोकावर, सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात, तिला सरळ व्हायचं असतं. क्षणभर उशीर झाला तर उडी वाया, क्षणभर घाई झाली तरीही वाया. पुढे हवेत स्कींचा इंग्रजी व्ही, त्यावर जवळजवळ आडवं झालेलं शरीर, आणि पाच-सहा सेकंदांहून कमी वेळात शंभर मीटर किंवा त्याहून जास्त अंतर. उतरताना एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले. पाच पंच शैलीचे गुण देतात, अंतराचे गुण वेगळे, वाऱ्याची आणि धावपट्टीच्या लांबीची वजाबाकी-बेरीज आणखी वेगळी.

एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यावर पुढचा बराच वाद उभा आहे. दूरचित्रवाणीवर पाहताना वाटतं की खेळाडू फार उंचावरून जमिनीवर आदळते. तसं नसतं. टेकडीचा उतार उड्डाणाच्या वाटेला जवळजवळ समांतर कापलेला असतो. खेळाडू त्या उताराच्या काही मीटर वरून जात असते आणि हळूहळू त्याला येऊन मिळते. म्हणून उतरताना बसणारा धक्का अंतराच्या मानाने पुष्कळ कमी असतो. धोका असतो तो वाऱ्याचा, तोल जाण्याचा, सपाटीपर्यंत पुढे गेल्याचा. आणि तो बाईला जितका तितकाच बाप्याला.

तरीही २००५ साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष जियान-फ्रँको कास्पर यांनी अमेरिकन रेडिओवर सांगितलं की वैद्यकीय दृष्टीने हा खेळ बायकांना योग्य वाटत नाही. खेळाचा कारभार ज्यांच्या हाती, तेच असं म्हणत होते. त्यांच्यामागे कुठलंही संशोधन नव्हतं, होती ती शंभर वर्षांची सवय. बायकांच्या पोटाची, गर्भाशयाची, मातृत्वाची काळजी खेळांच्या जगात फार जुनी आहे. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये आठशे मीटर धावल्यानंतर काही जणी दमून पडल्या अशा बातम्या छापून आल्या आणि ती शर्यत बायकांसाठी १९६० पर्यंत बंद राहिली. शरीराची काळजी असं नाव दिलं की बंदी घालणाऱ्याला स्वतःला बंदी घातल्यासारखं वाटतच नाही.

या काळजीला प्रत्यक्ष उत्तरं पुष्कळ आधीपासून मिळत होती. १८६२ साली नॉर्वेतल्या त्रिसिल गावच्या स्पर्धेत इंग्रिड ओलावसदात्तर वेस्टबी नावाची मुलगी घागरा नेसून उडी मारून गेली, ही स्त्रीच्या स्की उडीची सगळ्यात जुनी नोंद मानतात. १९११ साली ऑस्ट्रियातल्या किट्झब्युल इथे काउंटेस पाउला लाम्बर्ग हिने पायघोळ झग्यात बावीस मीटर उडी घेतली. मग योहाने कोलस्ताद. नॉर्वेच्या दोक्का गावची ही मुलगी १९३० च्या दशकात मोठ्या टेकड्यांवर उडत होती, पण स्पर्धेत नाही. स्पर्धेच्या आधी किंवा मधल्या वेळात, लोकांच्या करमणुकीसाठी. घरच्या महासंघाला ते फारसं रुचत नव्हतं, तेव्हा ती अमेरिकेत जाऊन उडाली, आणि १९३८ साली न्यू हॅम्पशरमधल्या बर्लिन गावी बहात्तर मीटरवर उतरली. बायकांचा तो विक्रम तीस वर्षांहून अधिक काळ टिकला. विक्रम इतकी वर्षं टिकतो तेव्हा तो मोडणाऱ्यांना टेकडीवर कुणी येऊ देत होतं का, हे आधी विचारावं लागतं.

पुढे १९७६ मध्ये नॉर्वेची अनिता वोल्ड सप्पोरोला साडेसत्त्याण्णव मीटर गेली, १९८१ मध्ये फिनलंडच्या तीना लेह्तोलाने शंभरी ओलांडली. ऑस्ट्रियाच्या एव्हा गान्स्टरला १९९४ च्या लिलहामर ऑलिंपिकमध्ये टेकडीची चाचणी घ्यायला बोलावलं होतं. म्हणजे धावपट्टी नीट आहे ना, वारा कसा आहे, हे पाहायला आधी तिने उडी मारायची आणि मग पुरुषांनी पदकासाठी. टेकडी तीच, बर्फ तोच, तिचं अंतर मात्र कुठल्याही यादीत मोजायचं नाही. याच गान्स्टरने १९९७ मध्ये ऑस्ट्रियातल्या कुल्मच्या राक्षसी टेकडीवर १६७ मीटरची उडी घेतली, आणि २००३ मध्ये तिथेच तिच्याच देशाची डॅनिएला इराश्को दोनशे मीटरवर पोचली. कास्पर यांचं रेडिओवरचं बोलणं या दोनशे मीटरनंतर दोन वर्षांनी आलेलं आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

नॉर्वे हा या खेळाचा मायदेश, आणि समतेच्या बाबतीत जगाला शिकवणारा देश. तिथेही २००४ साली आनेत सागेन या जंपरला विकरसुंदच्या उड्डाण-टेकडीवर, म्हणजे कुल्मसारख्याच राक्षसी टेकडीवर, जाऊ द्यायचं की नाही यावर देशभर वाद पेटला. नॉर्वेचेच तूरब्यर्न इग्गेसेथ हे महासंघाच्या जंपिंग समितीचे प्रमुख, आणि तेच विरोधात. अखेर ती उडाली आणि १७४.५ मीटरवर उतरली. सहा वर्षांनी ओस्लोची होल्मेनकोलेन टेकडी नव्याने बांधून तयार झाली. पहिली उडी कुणी मारायची यावर लोकांचं मत घेतलं आणि लोकांनी सागेनला निवडलं. ३ मार्च २०१० चा मुहूर्त ठरला. त्याच्या आदल्या संध्याकाळी बियर्न आयनार रोमोरेन हा पुरुष जंपर गुपचूप तिथून उडी मारून गेला. टेकडीची चाचणी म्हणून, असं सांगण्यात आलं. नॉर्वेत संतापाची लाट उसळली. हा प्रसंग सविस्तर लिहावा की नाही याचा मी बराच विचार केला. त्यात कुणाचं करियर बुडालं नाही, कुणी जखमी झालं नाही. पण पहिलेपण बाईला द्यायचं ठरल्यावरही कुणीतरी आत हात घालून ते काढून घेतो, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही, हे या प्रसंगाइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. म्हणून तो पूर्ण ठेवला आहे.

वैद्यकीय कारण टिकेना, तेव्हा संख्येचं कारण पुढे आलं. नोव्हेंबर २००६ मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने व्हँकुव्हरच्या कार्यक्रमात बायकांचं स्की जंपिंग घ्यायचं नाही असं ठरवलं: खेळाडू कमी, देश कमी, दर्जा अजून तयार झालेला नाही. त्याच वेळी स्की क्रॉस हा नवा प्रकार मात्र स्त्री-पुरुष दोघांसाठी घेतला. २००८ मध्ये समितीचे अध्यक्ष जॅक रोग यांनी सांगितलं की इतक्या थोड्या स्पर्धकांत पदकं वाटली तर पदकाची किंमत उतरेल. या बोलण्याच्या सुमारास, जानेवारी २००८ मध्ये, अमेरिकेच्या लिंडसी व्हॅनने व्हिस्लरच्या छोट्या टेकडीवर १०५.५ मीटरची उडी मारली होती. ऑलिंपिकसाठी बांधलेल्या त्या टेकडीचा तो विक्रम होता, फक्त बायकांमधला नाही, सगळ्यांमधला. ऑलिंपिक तिथे येऊन ठेपलं तेव्हा टेकडीचा विक्रम जिच्या नावावर होता, तिलाच तिथे उतरायला मनाई होती.

हा विक्रम चळवळीने खूप वापरला, आणि वापरणं साहजिक होतं. पण माझी भिस्त त्यावर नाही. एकाच उंचीवरून सुटल्यावर, टोकावर मारलेल्या झेपेच्या जोरात पुरुषांना सरासरीने फायदा असतो. म्हणून बायकांच्या स्पर्धेत बहुधा धावपट्टी थोडी वरून सुरू करतात. वजन कमी असल्याचा काही फायदा बायकांना मिळतो. ही बेरीज कधी इकडे, कधी तिकडे. ऑलिंपिकमध्ये येण्यासाठी कुठल्याही धावपटू बाईला पुरुषांच्या वेळेत धावून दाखवावं लागत नाही, मग जंपरला पुरुषांइतकं अंतर का दाखवावं लागावं? व्हॅनच्या त्या उडीने दर्जाचा प्रश्न मिटला, एवढंच. हक्काचा प्रश्न तिने १०५ ऐवजी ८५ मीटर मारली असती तरी तोच राहिला असता.

खरी गोम नियमात होती, आणि फेन्लन यांच्या निकालाने ती उघडी केली. नव्या स्पर्धेला ऑलिंपिकमध्ये यायचं तर आधी दोन जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झालेल्या हव्यात, आणि पुरेशा देशांत तो खेळ पसरलेला हवा. बायकांचं पहिलं जागतिक अजिंक्यपद फेब्रुवारी २००९ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेत्सला झालं. लिंडसी व्हॅनने सोनं जिंकलं, जर्मनीची उलरिके ग्रेसलर दुसरी, सागेन तिसरी. म्हणजे एकच झालं होतं, दोन नाही. इथवर नियम कोरडा, तटस्थ, कुणाच्याच विरोधात नसलेला. पण मग पुरुषांचं स्की जंपिंग त्या कसोटीला उतरत होतं का? तेही उतरत नव्हतं. ते कार्यक्रमात होतं कारण १९२४ च्या शामोनीपासून ते तिथेच होतं. परंपरा म्हणून त्याला सूट होती. जे आधीपासून आत होते त्यांची परीक्षा कधी झालीच नाही. परीक्षा फक्त दाराबाहेरच्यांची. आणि दाराबाहेर त्या होत्या याचं कारण एकच, की १९२४ मध्ये त्यांना आत घेतलं नव्हतं. जुना भेदभाव असा नव्या नियमाच्या पोटात जाऊन बसतो आणि तिथे त्याला परंपरा म्हणतात.

सूट देता येत नव्हती असंही नाही. बायकांची मॅरेथॉन १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये घ्यायचं १९८१ मध्ये ठरलं, तेव्हा अ‍ॅथलेटिक्सची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धादेखील भरली नव्हती. ती १९८३ साली हेलसिंकीत भरली. इच्छा असली की वाट निघते हे समितीला ठाऊक होतं. या वेळी तिने वाट शोधली नाही. दाव्याचं अपील नोव्हेंबर २००९ मध्ये फेटाळलं गेलं, डिसेंबरमध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला, आणि फेब्रुवारीत व्हिस्लरच्या टेकडीवर पुरुष उडाले.

या लढ्यात मुलींच्या आया-बापांचा वाटा किती मोठा, हे वाचकाला पुढच्या प्रकरणांत दिसेल. अमेरिकेत मुलींच्या संघाला पैसा उभा करायला पालकांनी स्वतः संस्था काढली. खाण्याचे पदार्थ विकून, दारोदार देणग्या मागून प्रवासाचा खर्च भागवला. पुढे त्या संस्थेची धुरा डीडी कोराडिनी यांनी घेतली. त्या सॉल्ट लेक सिटीच्या माजी महापौर. २००२ चं ऑलिंपिक त्यांच्याच कारकिर्दीत शहराला मिळालं होतं. ऑलिंपिकचा कारभार आतून पाहिलेली ही बाई म्हातारपणी त्याच कारभाराविरुद्ध उभी राहिली, दर बैठकीला, दर पत्रकार परिषदेला. २०१५ मध्ये त्या गेल्या, पण त्याआधी त्यांनी सोचीचं २०१४ चं ऑलिंपिक पाहिलं.

एप्रिल २०११ मध्ये ऑलिंपिक समितीने बायकांच्या स्की जंपिंगला मान्यता दिली. त्याच वर्षी डिसेंबरात लिलहामरला बायकांच्या विश्वचषकाची पहिली फेरी झाली आणि ती अमेरिकेच्या सारा हेन्ड्रिक्सनने जिंकली. ११ फेब्रुवारी २०१४ रोजी सोचीजवळच्या टेकडीवर तीस जणी उतरल्या. पहिला क्रमांक छातीवर लावून हेन्ड्रिक्सनच सुटली, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला जेमतेम सहा महिने झालेले. सोनं जर्मनीच्या कारिना फोग्टला, रौप्य इराश्कोला, कांस्य फ्रान्सच्या कोलीन मातेलला. लिंडसी व्हॅन पंधरावी आली. तिची सर्वोत्तम वर्षं न्यायालयाच्या तारखांत निघून गेली होती, आणि दावा लावणाऱ्या काही जणी तोवर खेळच सोडून गेल्या होत्या. ज्यांनी दार उघडलं त्यांतल्या कितीतरी जणींना आत जाता आलं नाही. सोचीच्याच सुमारास रशियाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक अलेक्सांडर अरेफ्येव यांनी एका वृत्तपत्राला सांगितलं की बायकांनी मुलं जन्माला घालावीत, घर सांभाळावं.

त्यानंतरच्या काळाबद्दल इथे थोडक्यातच लिहिते, कारण पुस्तकाचा उत्तरार्ध त्याला दिला आहे. पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली आनंदाची: २०२३ मध्ये विकरसुंदला बायकांना अखेर अधिकृत उड्डाण-स्पर्धा मिळाली, स्लोव्हेनियाच्या एमा क्लिनेचने २२६ मीटर उडून ती गाजवली, आणि दोनच वर्षांत तिचीच देशभगिनी निका प्रेव्ह्त्स २३६ मीटरपर्यंत पोचली. दुसरी गोष्ट चिंतेची. या खेळात हलकं असणं फायद्याचं, आणि त्याची किंमत शरीराला मोजावी लागते. २०१८ ची ऑलिंपिक विजेती नॉर्वेची मारेन लुंडबी हिने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं की बीजिंगच्या २०२२ च्या ऑलिंपिकसाठी वजन उतरवण्याचा अघोरी मार्ग ती धरणार नाही, मग पदक राखण्याची संधी गेली तरी चालेल. बायकांना मोठ्या टेकडीवरचं जागतिक अजिंक्यपद मिळावं म्हणून झगडलेली, आणि २०२१ मध्ये ते पहिलं अजिंक्यपद जिंकलेली तीच ही. खेळात शिरायचा हक्क मिळाल्यावर तो खेळ कसा असावा हे सांगायचा हक्कही तिने बजावला. माझ्या मते तिचा तो नकार या पुस्तकातल्या कुठल्याही उडीइतकाच मोलाचा आहे.

आणि दार अजून पुरतं उघडलेलं नाही. नॉर्डिक कंबाइंड हा स्की जंपिंगचा सख्खा भाऊ: आधी टेकडीवरून उडी, मग त्याच दिवशी सपाट-चढाच्या बर्फावर स्कीची शर्यत. पुरुषांसाठी तोही १९२४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. बायकांचा विश्वचषक डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रियातल्या रामसाउला सुरू झाला आणि अमेरिकेची टारा गेराटी-मोट्स पहिली विजेती ठरली. २०२१ च्या ओबर्स्टडोर्फच्या पहिल्या अजिंक्यपदात तिन्ही पदकं नॉर्वेच्या मुलींनी नेली, आणि पुढे समितीने याकडेच बोट दाखवलं. जून २०२२ मध्ये निर्णय आला: मिलान-कोर्टिनाच्या २०२६ च्या कार्यक्रमात बायकांचं नॉर्डिक कंबाइंड नाही, अजिंक्यपद एकच झालंय, देश थोडे आहेत. त्याच निवेदनात पुरुषांबद्दलही लिहिलं होतं की मागच्या तीन ऑलिंपिकमधली सगळीच्या सगळी सत्तावीस पदकं चारच देशांनी वाटून घेतली. तरी पुरुष राहिले. ज्यांनी व्हँकुव्हरचा निकाल वाचला आहे त्यांना पुढचं वाक्य सांगावं लागत नाही.

हिवाळी ऑलिंपिकमधला बायका नसलेला हा एकमेव खेळ. विश्वचषकाच्या स्पर्धांत त्याच्या खेळाडूंनी स्कीच्या काठ्या डोक्यावर धरून फुली करून दाखवली. कोलोरॅडोची अ‍ॅनिका मॅलासिन्स्की गेली काही वर्षं जिथे माइक मिळेल तिथे बोलते आहे. तिचा भाऊ निकलस हाच खेळ खेळतो, आणि ऑलिंपिकचं दार त्याच्यासाठी बंद नाही. जर्मनीची नाताली आर्मब्रुस्टर एकोणिसाव्या वर्षी २०२४-२५ चा संपूर्ण विश्वचषक जिंकून बसली. २०२६ च्या फेब्रुवारीत प्रेदाझ्झोच्या टेकडीवरची उडी आणि तेसेरोची शर्यत पुरुषांसाठी ठरलेली होती. जगात पहिली आलेल्या त्या मुलीच्या नावाने तिथे स्पर्धा नव्हती. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तिच्या पिढीबद्दल आहे, आणि त्यात न्यायालय कुठेच नाही, कारण कुठल्या न्यायालयात जायचं हे २००९ पासून आजवर कुणीही त्यांना सांगू शकलेलं नाही.